६९,९९९ वर थांबलेला ओडोमीटर : एक प्रकरण अभ्यास

तीस वर्षांहून अधिक जुन्या एका मोटारीचा मीटर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या छोट्या खिडकीतले पाचही अंक अर्धवट वर सरकलेले होते. ६९,९९९ हा आकडा वरच्या बाजूने निघून चालला होता आणि खालून ७०,००० चा आकडा डोकावत होता. ना धड हा, ना धड तो. गाडी चालत होती, स्पीडोमीटरचा काटा वेग दाखवत होता, खालच्या, हवे तेव्हा शून्यावर आणता येणाऱ्या ट्रिप मीटरवर किलोमीटर पडत होते. फक्त गाडीचे एकूण किलोमीटर मोजणारा मुख्य ओडोमीटर चार-पाच महिन्यांपासून त्याच एका जागी अडकून बसला होता. गाडीमालकांचे म्हणणे असे की, केबल खराब झाली असावी, ती बदलून द्यावी. केबल मी शेवटी तपासली आणि तिच्यात दोष सापडलाही, पण तो त्यांना वाटत होता त्या प्रकारचा नव्हता.

यांत्रिक मीटरमध्ये गिअरबॉक्सकडून येणारी एकच केबल दोन कामे करते. केबलच्या टोकाशी एक लहान कायमस्वरूपी चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती, त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा-प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात, त्यांच्यामुळे वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते, आणि हेअरस्प्रिंग नावाची एक केसासारखी नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या दोहोंचा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुष्कळ गाड्यांत टिकून होती. दुसरे काम याच चुंबकाच्या दांड्यावर कोरलेल्या वर्मचे, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरचे. तो वर्म एका आडव्या शाफ्टला फिरवतो, तो शाफ्ट आणखी एका वर्मच्या मदतीने गती अतिशय मंद करतो, आणि ती मंद गती अंकचक्रांपर्यंत पोहोचते.

म्हणून काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद पडले तर दोष केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सकडच्या पिनियनमध्ये (लहान दातेरी चाकात) शोधायचा. काटा चालू आणि किलोमीटर बंद असतील, तर केबलला दोष देण्यात अर्थ नाही. येथे तर ट्रिप मीटरही चालू होता. या मीटरमध्ये ट्रिप आणि मुख्य ओडोमीटर यांना गती देणारे गिअर एकाच आडव्या शाफ्टवरून फुटतात, तेव्हा तो शाफ्टही निर्दोष ठरला. राहिला तो शेवटचा तुकडा : मुख्य ओडोमीटरचा गिअर, त्याचा दांडा आणि त्यावरची पाच अंकचक्रे. मीटर उघडण्यापूर्वीच शोध एवढ्या जागेपुरता आला होता.

वहीतला पुरावा

गाडीमालकांना एक चांगली सवय होती. प्रत्येक वेळी टाकी भरली की ते ट्रिपचा आकडा, ओडोमीटरचा आकडा आणि इंधनाचे लिटर वहीत लिहून ट्रिप शून्यावर आणत. अशी वही रुग्णाच्या तापाच्या तक्त्यासारखी उपयोगी पडते. मी सुमारे तीन वर्षांच्या नोंदी वाचल्या आणि प्रत्येक टाकीसाठी ट्रिपच्या आकड्यातून ओडोमीटरची वाढ वजा केली. सुरुवातीला हा फरक शून्य किंवा एक किलोमीटर येत होता. मग बंद पडण्याआधीच्या सहा पूर्ण टाक्यांमध्ये तो क्रमाने ६, ११, १९, ३१, ६८ आणि ३७ असा दिसला. म्हणजे ओडोमीटर एका दिवशी अचानक बंद पडला नव्हता. वर्षभर तो थोडेथोडे किलोमीटर गिळत होता आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते.

यातला ६८ चा आकडा मला खटकला, कारण पुढच्याच टाकीला फरक पुन्हा ३७ वर उतरला होता. दोष सरळ वाढत गेला असता, तर असे झाले नसते. त्या टाकीत ओडोमीटर ६८,७६९ पासून ६९,२०३ पर्यंत गेला होता, म्हणजे त्याने ६९,००० ओलांडले होते. नंतरच्या टाकीत ६९,२०३ ते ६९,६५८ या पल्ल्यात शतक चार वेळा बदलले आणि ३७ किलोमीटर गळाले, म्हणजे दर शतकाला सुमारे नऊ. हाच हिशोब आधीच्या टाकीतल्या चार साध्या शतकबदलांना लावला, तर उरलेले तीस-पस्तीस किलोमीटर एकट्या ६९,००० च्या बदलाने खाल्ले, असे निघते. शतक बदलताना थोडा अडखळायचा, हजार बदलताना अधिक, आणि दशहजार बदलायची वेळ आली तेव्हा कायमचा बसला. ओडोमीटर कुठे अडतो यावरूनच तो का अडतो हे पुष्कळसे कळते, ते असे.

ट्रिपवर विश्वास ठेवावा की नाही, ही शंका रास्त आहे, कारण दोघांत फरक पडला म्हणून मुख्य ओडोमीटरच चुकीचा, असे आपोआप ठरत नाही. त्याचे उत्तरही वहीत होते. ट्रिपच्या किलोमीटरना लिटरने भागले, तर सरासरी तिन्ही वर्षे १३ ते १४ च्या दरम्यान राहत होती. मुख्य ओडोमीटरच्या आकड्यांनी तीच सरासरी शेवटच्या वर्षात घसरत गेली होती. इंजिनात काही बिघाड नव्हता, हिशोबात होता.

नवांची रांग

या मीटरमध्ये पाचही चक्रे एकाच दांड्यावर असतात. त्यांपैकी फक्त एककाचे चक्र दांड्यावर घट्ट बसवलेले असते; दशक, शतक, हजार आणि दशहजार ही चार दांड्यावर सैल असतात आणि आपापल्या उजव्या शेजाऱ्याकडून गती घेतात. प्रत्येक सैल चक्राच्या उजव्या अंगाला गोलाकार २० दाते असतात, तर डाव्या अंगाला फक्त दोन. दोन चक्रांच्या मध्ये, मागच्या बाजूला एका बारीक सळईवर, आठ दातांचे एक इवलेसे पिनियन असते. त्याचे दाते एकाआड एक लांब आणि आखूड असतात. उजवे चक्र फिरत असताना पिनियनचे लांब दाते त्याच्या गुळगुळीत कडेला टेकून राहतात, त्यामुळे पिनियन फिरू शकत नाही आणि डावे चक्र जागेवर कुलूपबंद राहते. उजव्या चक्राचा फेरा पुरा होत आला की त्याचे दोन दाते पिनियनला दोन दात पुढे ढकलतात, पिनियन डाव्या चक्राच्या वीसपैकी दोन दाते ढकलते, आणि ते चक्र ३६ अंशांनी, म्हणजे बरोबर एका अंकाने पुढे जाते.

हे सगळे एककाच्या चक्राचा ९ जाऊन ० येत असतानाच घडते. दर १० किलोमीटरला दोन चक्रे फिरतात, दर १०० ला तीन, दर १,००० ला चार, आणि दर १०,००० ला पाचही. अशा वेळी एककाच्या चक्राला उरलेल्या चारही चक्रांचे ओझे ओढावे लागते. शिवाय शेवटच्या चक्रापर्यंतचा जोर चार पिनियनमधून जातो आणि प्रत्येक पिनियन आपल्या घर्षणाचा कर वसूल करते. त्यामुळे हे ओझे साध्या बेरजेने वाढत नाही, चक्रवाढीने वाढते.

मग जोर कमी पडत होता का? तसे नाही. या मीटरच्या तबकडीवर ६३७ हा आकडा छापलेला होता. एका किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे, असा त्याचा अर्थ. एककाचे चक्र दहा किलोमीटरमध्ये एकदा फिरते, म्हणजे केबलचे ६,३७० फेरे आणि चक्राचा एक. एवढ्या मंदगतीच्या बदल्यात चक्राच्या टोकाला मिळणारा जोर प्रचंड असतो. केबलला आणि काट्याला चक्रांच्या अडखळण्याची जाणीवसुद्धा होत नाही. चक्रे अडतात तेव्हा या साखळीतली सर्वांत कमजोर कडी हार मानते. या मीटरमध्ये ती कडी म्हणजे दांड्याच्या टोकावर नुसता दाबून बसवलेला, जस्ताच्या मिश्रधातूचा लहान गिअर. दांड्याचे टोक नर्लिंग करून खरबरीत केलेले असते आणि गिअर त्या खरबरीतपणाच्या भरवशावर उभा असतो. चक्रे हटून बसली की गिअर फिरत राहतो आणि दांडा थांबतो.

अशा मीटरांची दुरुस्ती करणारे बरेचजण मीटर उघडताच हा सैल गिअर पाहतात, तो गोंदाने किंवा ठोकून पक्का करतात आणि मीटर बंद करतात. मला हा मार्ग मान्य नाही. गिअर सुटत होता म्हणून चक्रे अडत नव्हती. चक्रे अडत होती म्हणून गिअर सुटत होता. चक्रे तशीच जड ठेवून गिअर पक्का केला, तर तो प्रचंड जोर पुढच्या कमजोर कडीवर, म्हणजे बहुधा पिनियनच्या प्लास्टिकच्या दातांवर येतो. सैल गिअर पुन्हा बसवता येतो; तुटलेला दात परत येत नाही.

मीटर उघडल्यावर

उघडण्याआधी मी खिडकीतल्या आकड्याचे छायाचित्र काढले आणि वहीत तारखेसह नोंद केली. ओडोमीटरच्या आकड्यात फेरफार करणे अनेक देशांत गुन्हा आहे, आणि प्रामाणिक दुरुस्तीचाही कागद नसेल तर पुढे ती संशयास्पद वाटू शकते.

तबकडी काढण्यासाठी काटा काढावा लागतो, आणि या कामातला खरा धोका तिथेच आहे. शून्याजवळच्या अटकाव-पिनवरून काटा हलकेच उचलून पलीकडे सोडला की हेअरस्प्रिंगचा ताण संपतो आणि काटा शून्याच्या खाली कुठेतरी आपोआप स्थिर होतो. ती जागा तबकडीच्या कडेला लावलेल्या कागदी पट्टीवर खुणावून ठेवली, तरच नंतर काटा त्याच ताणाने बसतो. ही खूण करायची राहून गेली, तर पुढे सगळे वेग चुकीचे दिसतात. नंतर तबकडीवर कागद ठेवून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांनी काटा सरळ वर उचलला. चुंबकत्व आलेला स्क्रूड्रायव्हर या कामात जवळही आणू नये. मीटरमधला चुंबक लोखंडाचा बारीकसा कीसही ओढून घेतो आणि तो कीस वाटीच्या फटीत गेला की काटा अडखळायला लागतो.

आत जे दिसले त्याने उलगडा झाला. चुंबकाच्या दांड्याभोवती, आडव्या शाफ्टवर आणि चक्रांच्या मधल्या फटींत तपकिरी, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस होते. बोटाने काढलेले त्याचे कण चिकट दोऱ्यासारखे ताणले जात होते. गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा एक ओळखू येणारा उग्र वास असतो; तो येथे नव्हता. म्हणजे गिअरबॉक्सचे सील गळून तेल केबलमधून वर आलेले नव्हते, हे ग्रीस कोणीतरी घातलेले होते. गाडीमालकांना विचारल्यावर त्यांना आठवले की दोन वर्षांपूर्वी काटा थरथरत असल्याने केबल काढून तिला भरपूर ग्रीस लावून घेतले होते, आणि थरथर थांबल्याने सगळे खूश होते.

केबलच्या आतली तार पीळ घातलेल्या अनेक थरांची असते. ती फिरते तेव्हा तिचे पीळ स्क्रूच्या आट्यांसारखे वागतात आणि जादा ग्रीस हळूहळू मीटरकडे ढकलत नेतात. म्हणूनच केबलला ग्रीस लावताना मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा असतो. येथे तो ठेवला नव्हता. वर आलेल्या ग्रीसवर धूळ बसली, त्यातले तेल आटले आणि मागे लुकण उरली.

आणखी एक खूण मालकांनी स्वतःच सांगितली, पण तिला महत्त्व दिले नव्हते. थंडीत सकाळी गाडी काढली की काटा नेहमीपेक्षा पाच-सहा किलोमीटर जास्त वेग दाखवायचा आणि थोड्या वेळाने ठिकाणावर यायचा. चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये फक्त हवा असायला हवी. तिथे ग्रीसचा पातळ थर शिरला की तो वाटीला चुंबकाबरोबर ओढतो, आणि थंडीत घट्ट झाल्यावर अधिकच ओढतो. काट्याचे जास्त दाखवणे आणि ओडोमीटरचे अडकणे, या दोन तक्रारी एकाच ग्रीसच्या होत्या.

मग ट्रिप मीटर कसा वाचला? ग्रीस तर त्याच्याही अंगावर होते. माझ्या मते फरक हालचालीचा आहे. ट्रिपची सगळी चक्रे प्रत्येक टाकीला शून्यावर आणताना एकदा तरी झटकून फिरवली जात होती, त्यामुळे ग्रीसला त्यांच्यावर बसायला अवधीच मिळाला नाही. मुख्य ओडोमीटरचे दशहजाराचे चक्र मात्र ६०,००० ला हलले होते आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षे ते एका जागी होते. ग्रीस आले ते मधल्या काळात. म्हणजे ते चक्र ग्रीस आल्यापासून एकदाही हललेले नव्हते, आणि पहिल्यांदा हलायची वेळ आली तेव्हा ते दांड्याला जवळजवळ चिकटलेले होते. हजाराचे चक्र दर हजार किलोमीटरला हलत होते, म्हणून ते अडखळले तरी सुटले.

(चालत्या गाडीत ट्रिपचे बटण दाबल्याने ओडोमीटर बिघडतो, हे काही मीटरांच्या बाबतीत खरे आहे आणि ते बटण गाडी उभी असतानाच दाबावे, पण येथे ट्रिपचा भाग निर्दोष होता, तेव्हा त्या कारणाचा येथे संबंध नव्हता.)

ओझे मोजणे

अंदाजावर राहण्यापेक्षा मी एक साधी मोजणी केली. एककाच्या चक्राभोवती दोरा गुंडाळून त्याच्या टोकाला वजने लटकवत गेलो आणि चक्र कोणत्या वजनाला हलते ते पाहिले. पिनियनची सळई उचलली की चक्रे मोकळी होतात आणि हव्या त्या अंकांवर लावता येतात, त्यामुळे प्रत्येक प्रकारचा बदल तपासता आला. नुसते एककाचे चक्र १८ ग्रॅमला हलले. दोन चक्रांच्या बदलाला ३० ग्रॅम लागले, तीनला ५२, चारला ७१. पाच चक्रांचा बदल १०० ग्रॅमलाही झाला नाही आणि दाते जपण्यासाठी मी तिथेच थांबलो. मग गिअर धरून ठेवून दांड्याला तसाच ताण दिला, तेव्हा गिअरची पकड सुमारे ५५ ग्रॅमला सुटली.

वहीतल्या नोंदी आणि हे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. दोन चक्रांचा बदल पकडीच्या आत होता, म्हणून दशक बदलताना काही गळत नव्हते. तीन चक्रांचा बदल अगदी उंबरठ्यावर होता, म्हणून शतकाला थोडे गळत होते. चार चक्रांचा बदल पकडीबाहेर होता, पण रस्त्यावरचे हादरे आणि मीटरची ऊब यांच्या साहाय्याने तो उशिरा का होईना पार पडत होता. पाचांचा बदल आवाक्याबाहेरच होता.

सफाई, जुळणी आणि एक चूक

चक्रे, पिनियने आणि दांडा सुटे करून आधी सफाई केली. प्लास्टिकच्या चक्रांवरचे अंक छापील असतात, आणि पेट्रोलसारखा द्रावक किंवा गंज सोडवणारा फवारा त्यांची शाई उचलू शकतो. असा फवारा मीटरमध्ये मारला, तर तो तबकडीवर पसरतो, वाटीच्या फटीत शिरतो आणि काही महिन्यांत नवी धूळ गोळा करतो. अडकलेल्या ओडोमीटरवर असा फवारा मारणे हा या क्षेत्रातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय असावा. मी चक्रे कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ कुंचल्याने धुतली आणि रात्रभर सुकवली. पोलादी दांडा आणि पिनियनची सळई अल्कोहोलने पुसली. चुंबक व वाटी यांच्यामधून टिपकागदाच्या बारीक पट्ट्या पुन्हा पुन्हा ओढून घेतल्या, त्या कोरड्या निघेपर्यंत. या कामाला घाई चालत नाही, कारण वाटीला लागलेला एक धक्काही हेअरस्प्रिंगपर्यंत पोहोचतो.

जुळणीत पहिल्या वेळी चूक झाली. पिनियनची सळई बसवून चक्रे फिरवली, तर हजाराचा अंक सतत दोन अंकांच्या मध्ये उभा राहू लागला. काही वेळ मी दांडा वाकला असेल म्हणून तो तपासत बसलो. खरे कारण हिशोबातच होते : चक्राला २० दाते आहेत, म्हणजे एका दाताची चूक १८ अंशांची, म्हणजे बरोबर अर्ध्या अंकाची. शतक आणि हजार यांच्यामधले पिनियन एक दात सरकून बसले होते. दुसऱ्या वेळी सगळे अंक एका रेषेत येतील अशी सरळ पट्टी त्यांच्यावर टेकवून धरली, प्रत्येक पिनियनचे लांब दाते उजव्या चक्राच्या कडेला टेकले आहेत हे भिंगातून पाहिले आणि मगच सळई जागेवर दाबली.

सफाईनंतर दोरा-वजनाची मोजणी पुन्हा केली. एकटे एककाचे चक्र ३ ग्रॅमला आणि पाचही चक्रांचा बदल १६ ग्रॅमला झाला. हे पाहता ५५ ग्रॅमची जुनी पकडही पुरली असती आणि गिअरला हात न लावताही मीटर चालला असता. तरीही मी गिअर पक्का केला. वर्षभर घसरल्यामुळे दांड्याचे नर्लिंग झिजून चकाकत होते, म्हणजे पकड उतरणीला लागली होती, आणि पुढचा पाच चक्रांचा बदल काही वर्षांनी, कोण जाणे किती धूळ साचल्यावर, येणार होता. गिअर काढून दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने स्वच्छ केले आणि धातू-धातूच्या घट्ट जोडासाठी असणारे, हवा नसलेल्या फटीत घट्ट होणारे ॲनेरोबिक चिकटद्रव्य टाचणीच्या टोकाने एक थेंब लावून गिअर पुन्हा दाबला. घरगुती झटपट गोंद येथे टाळावा. तो ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने जवळच्या प्लास्टिकवर पांढरट डाग पडतात. ॲनेरोबिक द्रव्यही प्लास्टिकला लागू द्यायचे नसते, काही प्लास्टिकना ते तडे पाडते. म्हणून हा जोड दांड्यावर चक्रे चढवण्याआधीच केला आणि २४ तास तसाच ठेवला. नंतर १५० ग्रॅमला पकड सुटली नाही. त्यापुढे ताणून पाहिले नाही, कारण गरज नव्हती.

तेलाबाबत कंजूषपणा बरा. दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, वर्मच्या दातांवर हलक्या ग्रीसचा पुसट हात, आणि चक्रांच्या मध्ये काहीही नाही.

टेबलावरची चाचणी

केबलच्या जुन्या तुकड्याचे चौकोनी टोक मीटरमध्ये घालून दुसरे टोक ड्रिलला लावले आणि फेऱ्यांचा वेग टॅकोमीटरने मोजला. दिशा आधी हाताने पाहून घेतली. काटा वर चढतो ती दिशा बरोबर. मिनिटाला ६३७ फेरे दिले की ६० किलोमीटर वेग दिसायला हवा आणि दर मिनिटाला एक किलोमीटर पडायला हवा. खुणेवर बसवलेला काटा ६० च्या रेषेवर आला. दुप्पट वेगाने, १,२७४ फेऱ्यांवर, १२० आला.

येथे एक नैतिक गाठ होती. टेबलावर चालवलेले प्रत्येक मिनिट ओडोमीटरवर न धावलेले किलोमीटर टाकते. म्हणून पाच चक्रांच्या बदलाची चाचणी मी चक्रे ९९,९९४ वर लावून केली. पाचही शून्ये एकाच दमात, कुठेही न थबकता, एका रेषेत आली, आणि हे तीनदा केले. मग सळई उचलून चक्रे पुन्हा ६९,९९९ वर आणली आणि ड्रिलने फक्त दोन किलोमीटर चालवून ७०,००१ वर थांबलो.

गळालेले किलोमीटर ओडोमीटरवर चढवावेत का, यावर मालकांशी बोलणे झाले. वहीवरून हिशोब स्पष्ट होता : सहा टाक्यांत १७२, ज्या टाकीत ओडोमीटर बसला, तिच्यात ट्रिप ४९८ आणि ओडोमीटरची वाढ ३४१, म्हणजे १५७, त्यानंतरच्या दोन टाक्या ५०६ आणि ४८९, आणि मीटर माझ्याकडे येईपर्यंतचे ट्रिपवरचे २१३. एकूण १,५३७. माझे मत असे पडले की दुरुस्ती करणाऱ्याने आकडा पुढेही नेऊ नये आणि मागेही. यंत्राने मोजले तेच यंत्रावर राहावे आणि उरलेले कागदावर यावे. मालकांना ते पटले. वहीत आणि दुरुस्तीच्या कागदावर '७०,००१. यात २ टेबलावरचे. १,५३७ न मोजलेले' अशी नोंद झाली.

केबल

केबलची आतली तार बाहेर ओढून पुसली, तेव्हा तीन-चार पुसण्याच्या कापडांवर पुरेल एवढे ग्रीस निघाले. तार कुठे तुटलेली किंवा चपटी झालेली नव्हती. काटा मुळात का थरथरत होता, त्याचेही कारण दिसले : मीटरच्या मागे केबलला एक तीव्र वळण पडले होते, कारण तिला धरणारी क्लिप सुटलेली होती. दोन वर्षांपूर्वी ती क्लिप लावली असती, तर कदाचित ग्रीसची वेळच आली नसती. आता तारेच्या खालच्या दोन तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावले, वरचा भाग कोरडा ठेवला, क्लिप बसवली आणि वळण सैल केले. गिअरबॉक्सकडचे सील कोरडे होते, त्याला हात लावला नाही.

रस्त्यावर पहिल्या दिवशी किलोमीटरच्या दगडांशी ५० किलोमीटरचा पल्ला ताडून पाहिला. मुख्य ओडोमीटर आणि ट्रिप दोन्ही दगडांबरोबर चालले. थंड सकाळी काटा आता जास्त वेग दाखवत नाही. त्यानंतर मालकांनी पाच टाक्यांच्या नोंदी पाठवल्या. ७१,००० आणि ७२,००० हे दोन्ही टप्पे त्यांत आले आणि ट्रिप व ओडोमीटर यांतला फरक प्रत्येक वेळी शून्य किंवा एक आहे. पाचही चक्रे एकदम फिरण्याची पुढची वेळ ८०,००० ला येईल. गाडीचा सध्याचा वापर पाहता त्याला अजून सव्वादोन वर्षे आहेत.